टेकडी कुणाची, परवानगी कुणाची?

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावातील शाळेच्या सरांनी आम्हाला ५ जूनला बोलावले होते. नववी-दहावीची साठेक मुले घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर झाडे लावायची आणि आम्ही मुलांना पावसाळी वनस्पतींविषयी चार गोष्टी सांगायच्या, असा बेत होता. रोपे आली होती, कुदळी-फावडी गोळा झाली होती, मुलांच्या पाठीवर डबे होते. टेकडीच्या पायथ्याशी वनरक्षक उभा होता. त्याने एवढेच विचारले, "सर, परवानगीचं पत्र आहे का?"

पत्र नव्हते. "अहो, झाडं लावायला आलोय, तोडायला नाही!" सर म्हणाले. वनरक्षक नम्र होता, पण बधला नाही. मुले परत फिरली, रोपे शाळेच्या कुंपणालगत दाटीवाटीने लावली गेली. परतीच्या वाटेवर सरांनी आम्हाला विचारले, "चांगल्या कामाला परवानगी कशाला लागते?" आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते अगदीच गुळमुळीत होते. नंतर मात्र तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधताना कायद्याच्या पुस्तकांपेक्षा इतिहासाचा उपयोग आम्हाला अधिक झाला.

सुरुवात १८६४ पासून करावी लागते. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात वनखाते उभे केले आणि डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाला त्याचा पहिला महानिरीक्षक नेमले. निकड होती ती लाकडाची. रेल्वेचे जाळे पसरत होते आणि रुळांखाली घालायला साग, साल, देवदाराचे ओंडके लागत होते. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला. तो अपुरा वाटला म्हणून १८७८ मध्ये दुसरा आला आणि त्याने जंगलांचे तीन प्रकार केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवने. पहिल्या दोहोंतला फरक थोडक्यात असा सांगता येईल. राखीव वनात जे मुद्दाम दिलेले नाही ते सारे मना. संरक्षित वनात जे मुद्दाम मना केलेले नाही ते सारे मोकळे. पुढे १९२७ चा भारतीय वन कायदा झाला. त्याच्या २६ व्या कलमात राखीव वनात काय करायचे नाही त्याची यादी आहे. आग लावणे, झाड तोडणे, दगड काढणे, गुरे चारणे, शिकार, मासेमारी हे सगळे तिच्यात आहेच. पण अधिकाराशिवाय नुसते आत शिरणे हेही त्याच यादीत आहे. कुदळ घेऊन शिरलात की रोप घेऊन, हा भेद ते कलम करीत नाही. १९२७ चा हा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्या सकाळी वनरक्षकाच्या तोंडून बोलत होता तो हाच.

या कायद्याने गावाचे काय झाले ते महाराष्ट्रात सर्वांत आधी ज्यांनी ठणकावून सांगितले, त्यांत महात्मा फुले होते. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर, गायराने, पडीक राने सरकारजमा झाली आणि शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्या डोंगराकडे गाव आपला म्हणून पाहत होते, त्यावर पाय ठेवायला आता चिठ्ठी लागू लागली.

ही चिठ्ठी झुगारून देण्याचा प्रसंग १९३० मध्ये आला. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, पण वऱ्हाडाला समुद्र कुठला? तेथे लोकांनी दुसरा कायदा निवडला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत विनापरवाना कापले आणि अटक करवून घेतली. बत्तीस शिराळ्याच्या भागात बिळाशीला, उरणजवळ चिरनेरला असेच सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला आणि माणसे प्राणाला मुकली. गंमत पाहा. 'स्वयंसेवक' हा शब्द आज आपण झाडे लावणाऱ्या मुलांसाठी वापरतो. महाराष्ट्रातील जंगलात मोठ्या संख्येने शिरलेले पहिले स्वयंसेवक तेथे शिरले ते नेमके परवानगी नाही म्हणूनच. तेव्हा सरांना आलेला राग काही नवा नव्हता. त्याला शंभर-सव्वाशे वर्षांची परंपरा आहे, आणि तो सर्वस्वी गैरही नाही.

स्वातंत्र्यानंतर, जुलै १९५० मध्ये, केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. आता सरकारच यजमान झाले. मंत्री खड्ड्यात रोप ठेवत, शाळेची मुले टाळ्या वाजवत, आणि यजमानाच्याच घरी आलेल्या पाहुण्याला परवानगी कोण विचारणार? या कार्यक्रमाने झाड लावणे हा घराघरातला विषय केला, हे मान्यच करायला हवे. पण एक गोष्ट त्यात निसटली. रोप लावणाऱ्याचे नाव फलकावर आले. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार, त्याचे नाव कुठेच आले नाही. जुलैतल्या एका आठवड्याचा उत्साह आणि मे महिन्यातली वाळलेली काटकी हे दृश्य आपल्यापैकी कित्येकांनी आपल्याच शाळेच्या आवारात पाहिले असेल.

येथे थोडे थांबून आम्हाला आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. कारण परवानगीकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली ती तिच्यामुळे.

विद्यार्थी असताना आम्ही दहा-बारा जणांचे एक निसर्गमंडळ चालवीत असू. एका गावचा तलाव जलपर्णीने भरला होता. हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही तीस-चाळीस मुले जमवली आणि तलावात उतरलो. कुणाला विचारावे हे मनातही आले नाही. दिवसभर खपून अर्धा काठ मोकळा केला, छायाचित्रे काढली, घरी गेलो. आठ दिवसांनी गेलो तेव्हा एक भोई बाबा वाट पाहत बसले होते. त्या तलावातल्या मासेमारीचा ठेका त्यांच्याकडे होता. आम्ही जलपर्णीबरोबर त्यांची लावलेली जाळी ओढून फाडली होती. "पोरांनो, एका शब्दानं सांगितलं असतं तर मी जाळी काढून घेतली असती," एवढेच ते म्हणाले. आम्ही वर्गणी काढून जाळ्याचे पैसे भरले, पण बुडालेल्या दिवसांची भरपाई करणे आम्हाला जमले नाही.

एवढ्यावर भागले नाही. आमच्यापैकी कुणालाच तेव्हा पाणवनस्पती नीट ओळखता येत नव्हत्या. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतून आलेली उपद्रवी वनस्पती. ती काढणे योग्यच. पण तिच्याबरोबर आम्ही काठची लव्हाळी, पाणकणीस, कुमुदिनी असे सगळेच उपटले होते. टिबुकली आणि पाणकोंबडी यांना घरटी करायला त्याचाच आडोसा होता. शिवाय उपटलेला ढीग काठावरच टाकून आम्ही निघून आलो होतो. तो कुजला आणि पहिल्या पावसात त्याचा काळा रस पुन्हा तलावातच उतरला. पाण्यातले जे नत्र आणि स्फुरद जलपर्णीने शोषून घेतले होते, ते तिचे पुढचे पीक वाढवायला आम्ही परत केले!

ग्रामपंचायतीकडे एक अर्ज दिला असता तर काय झाले असते? सरपंचांनी ठेकेदाराचे नाव सांगितले असते. ढीग कुठे टाकणार, असे कुणीतरी विचारले असते. कदाचित एखाद्या म्हाताऱ्याने 'लव्हाळी राहू द्या' असेही म्हटले असते. अर्ज म्हणजे केवळ मालकाची मर्जी नव्हे. त्या जागेवर आणखी कोण जगते आहे, त्याची ओळख करून घेण्याची ती एक पद्धत आहे, हे आम्हाला असे उशिरा कळले.

कायद्यांच्या इतिहासातही साधारण असाच बदल दिसतो. जुने कायदे 'जागा कुणाची' हे विचारत; १९७२ नंतरचे कायदे 'तिथे काय आहे, आणि तुमच्या येण्याने त्याचे काय होईल' हे विचारू लागले. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची जागतिक परिषद झाली. ५ जून हा पर्यावरण दिन तिच्याच प्रारंभाची आठवण आहे. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला. अभयारण्यात कोणत्या कारणासाठी प्रवेश द्यायचा ती कारणे त्याच्या २८ व्या कलमात मोजून दिली आहेत : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर कामकाज. 'स्वच्छता मोहीम' हा शब्द तेथे नाही. म्हणजे मोहीम होऊच शकत नाही असे नव्हे, पण ती आपल्या मनाने होऊ शकत नाही. वनखात्याबरोबरच करावी लागते.

कोकणातल्या वेळासचे उदाहरण येथे चांगले लागू पडते. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेच्या कार्यकर्त्यांना तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांची चोरी होत असल्याचे आढळले. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या अंड्यांना अधिकाराशिवाय हात लावणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही शुद्ध असो. त्यामुळे अंडी हलवून कुंपणाच्या आत सुरक्षित वाळूत पुरायची, तर वनखात्याशिवाय पुढे जाताच येत नव्हते. संस्था, वनखाते आणि गावकरी असे तिघांचे मिळून ते काम उभे राहिले आणि किनारपट्टीवरच्या इतर गावांतही पसरले. शास्त्राच्या दृष्टीनेही हे आवश्यकच आहे. कासवाच्या पिलाचे लिंग घरट्यातल्या वाळूच्या तपमानावर ठरते आणि घातल्यानंतर काही तासांनी अंडे उलटसुलट झाले तर आतला गर्भ मरू शकतो. उत्साही हातांना हे ठाऊक नसते.

किल्ल्यांची कथाही अशीच. १९०४ मध्ये कर्झनच्या काळात प्राचीन स्मारकांचा कायदा झाला, त्याच्या जागी १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आला. रायगड, शिवनेरीसारखे किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर आणखी काही राज्याच्या खात्याकडे आहेत. गडावरचा प्लास्टिकचा कचरा उचलणे वेगळे आणि टाक्यातला गाळ उपसणे वेगळे. गाळाचा प्रत्येक थर हा कालक्रमाचा एकेक पान असतो. त्यातले खापर किंवा नाणे कोणत्या थरात सापडले हे कळले नाही, तर त्याचे निम्मे मोल गेले. म्हणून संरक्षित स्मारकाच्या आवारात विनापरवाना खोदकाम करता येत नाही. स्वयंसेवकांना हे फार जाचक वाटते. आमच्या मते या नियमात ढील देण्यासारखे काही नाही.

आता जरा लांब, अमेरिकेतील टेक्सास राज्यात जाऊ. स्वयंसेवक आणि सरकारी कार्यालय यांचे नाते कसे असू शकते, याचा एक निराळा नमुना तेथे घडला. लिंडा मॅरानिस या पर्यावरण संस्थेत काम करणाऱ्या बाई १९८६ च्या सुमारास वॉशिंग्टनहून तेथे राहायला आल्या. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचा कचरा पाहून त्यांनी तो साफ करायचे ठरवले. पण त्या फावडे घेऊन थेट वाळूत उतरल्या नाहीत. किनारा ज्याच्या अखत्यारीत होता, त्या राज्याच्या जमीन कार्यालयाला त्यांनी बरोबर घेतले. २० सप्टेंबर १९८६ रोजी सुमारे २,८०० लोकांनी १२२ मैल किनाऱ्यावरून १२४ टन कचरा गोळा केला. त्यांची सहकारी कॅथी ओ'हारा हिने आणखी एक गोष्ट केली. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड दिले. त्यावर बाटल्या किती, दोऱ्या किती, पिशव्या किती याची नोंद करायची. त्या नोंदींवरून दिसून आले की बराच कचरा किनाऱ्यावर आलेल्या लोकांचा नव्हताच, तो जहाजांवरून आणि समुद्रातल्या तेलविहिरींवरून आलेला होता. जहाजांनी समुद्रात प्लास्टिक टाकू नये असा आंतरराष्ट्रीय कराराचा भाग अमेरिकेने १९८७ मध्ये मान्य केला, त्या वादात या नोंदी कामी आल्या. ३१ डिसेंबर १९८८ पासून ती बंदी अमलात आली. आजची आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम ही त्या एका शनिवारची वाढ आहे. शिक्षकांना यातून घेण्यासारखे म्हणजे ते कार्ड. आठवीच्या वर्गालाही ते भरता येते.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे दर आठवड्याला शेकडो लोक येऊ लागले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सन्मान मिळाला. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवत असल्याचे जाहीर केले. गोळा केलेल्या कचऱ्याचे ढीग उचलले जात नव्हते आणि स्वयंसेवकांना शिवीगाळ झाली होती, ही त्यांची कारणे होती. नंतर काम पुन्हा सुरू झाले, मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर कासवाची पिलेही दिसली. आम्हाला मात्र त्या मधल्या खंडातला मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. कचरा वाळूतून उचलून पिशवीत भरला की मोहीम संपत नाही. पिशवी उचलणारी गाडी यावी लागते, आणि ती कुणाची, हे आधी ठरावे लागते.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत याला कायद्याचे रूप मिळाले. परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक लोकांचा कार्यक्रम घ्यायचा, तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे आणि कार्यक्रमातला कचरा जागीच वेगळा करून सोपवायचा, ही जबाबदारी त्या नियमांनी आयोजकावर टाकली. लग्नाच्या वरातीला जे लागू, तेच पर्यावरण दिनाला! ध्वनिवर्धकासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगी लागते आणि रस्त्यावरून फेरी काढायची तर पोलीस ठाण्याला कळवावे लागते, हे बहुतेक शाळांना ठाऊक असतेच.

मुले सोबत असली की आणखी एक जबाबदारी येते आणि ती कोणत्याही पत्राने टळत नाही. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली होती. मुले पाण्यात उतरली आणि चौदा मुले बुडाली. शिक्षक तेथेच होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००१ मध्ये न्यायालयाने प्रत्येक मुलाच्या पालकांना पाच लाख रुपये भरपाई कायम केली. निकालात एक विचार स्पष्ट मांडला आहे : शिक्षकाने घ्यायच्या काळजीचे मान जागेप्रमाणे बदलते. शाळेच्या मैदानावर जेवढी पुरते, तेवढी नदीकाठी पुरत नाही. नदी, तलाव, खाडी, कडा येथे 'स्वच्छता मोहीम' नेताना आम्हाला हा निकाल नेहमी आठवतो. भरती-ओहोटीची वेळ पाहिली का, पट्टीचे पोहणारे सोबत आहेत का, जवळचा दवाखाना किती अंतरावर, पालकांचे संमतिपत्र आहे का, काचा आणि सुया उचलायला मुलांऐवजी मोठी माणसे आहेत का? एखाद्या कार्यालयाने हे विचारले नाही, तरी आपण स्वतःला विचारायलाच हवे.

मग सुरुवात कुठून करायची? तलाठ्याकडून. जागेचा सातबारा पाहिला की अर्धे प्रश्न सुटतात. गायरान असेल तर ग्रामपंचायत. वन असेल तर वनक्षेत्रपाल, जागा अभयारण्यात असेल तर वन्यजीव विभाग. खाजगी असेल तर मालकाचे दोन ओळींचे पत्र. नद्या, नाले, तलाव आणि भरतीरेषेखालची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार (१९६६) सर्वसाधारणपणे शासनाची, तेव्हा तेथे तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालय. शहरात महापालिकेचा उद्यान किंवा घनकचरा विभाग. उत्तर यायला वेळ लागतो आणि कधी येतच नाही, हीही वस्तुस्थिती आहे. एक साधा अर्ज तीन टेबलांवर फिरतो, हे आम्ही अनुभवले आहे. लहान शाळेने एवढे हेलपाटे का घालावेत, याचे समाधानकारक उत्तर आमच्याकडे नाही. तालुक्याला एकच खिडकी असायला काय हरकत आहे?

त्या सरांनी मात्र पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच अर्ज दिला. वनक्षेत्रपालांनी त्यांना कार्यालयात बोलावले, नकाशा काढला आणि दोन प्रश्न विचारले. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? आणि टेकडीच्या माथ्यावरच झाडे का लावायची? माथा म्हणजे कातळाचा सडा, वर इंचभर माती. आपण त्याला 'उजाड' म्हणतो, पण ते मुळात गवताचेच रान. तेथे खड्डे खणून झाडे लावली, तर झाडे जगत नाहीत आणि गवतही जाते. सरांनी आम्हाला फोन करून विचारले, "हे खरं का?" खरेच होते. आदल्या वर्षी त्याच माथ्यावर खड्डे खणायला निघालेल्या मंडळींत आम्हीही होतो, आणि वनस्पतिशास्त्राच्या पदवीसकट होतो.

त्या वर्षी मुलांनी चाळीसच रोपे लावली, तीही पायथ्याच्या ओढ्याकाठी, करंज आणि उंबराची. प्रत्येक रोपापुढे दोन मुलांची नावे आणि पाण्याच्या पाळीचे वार सरांनी वहीत लिहिले, आणि त्या पानाची एक प्रत वनखात्याला दिलेल्या पत्राला जोडली. सप्टेंबरमध्ये आम्ही मुलांबरोबर माथ्यावर गेलो. सड्यावर तेरडा, गेंद आणि सीतेची आसवे फुलली होती. वाट दाखवायला वनरक्षक सोबत होता. तोच, आदल्या वर्षीचा.